आधी पैसे की आधी लॉगिन? सबस्क्रिप्शनच्या अ‍ॅपसाठी तीन वाटा

लातुरात नीटच्या सराव प्रश्नांचं अ‍ॅप करणारा असो, परभणीत पीकसल्ल्याचं करणारा असो की संभाजीनगरात दुकानाच्या हिशोबाचं, गाडी एकाच ठिकाणी अडते. अ‍ॅप उघडलं की मोबाईल नंबर, मग ओटीपी आणि मग कुठे सबस्क्रिप्शनचे भाव. अँड्रॉइडवर हे बिनबोभाट चालतं. त्याच बांधणीचं आयफोनचं व्हर्जन पाठवलं की रिजेक्ट होऊन येतं आणि कारणात अ‍ॅपलच्या नियमावलीतलं ५.१.१ हे कलम असतं.

त्या कलमाचं म्हणणं सरळ आहे. अ‍ॅपचं मुख्य काम खात्यावाचून होत असेल तर लोकांना लॉगिनशिवाय वापरू द्या, आणि विकायची गोष्ट खात्याशी बांधलेली नसेल तर ती विकण्याआधी नाव-नंबर मागू नका. गूगल प्लेवर अशी सरसकट आडकाठी नाही. म्हणून पुष्कळ जण ‘आपल्याकडे आयफोनवालं गिऱ्हाईक असतंच किती’ म्हणून विषय सोडून देतात. ते मला पटत नाही. लॉगिन कधी मागायचं हा प्रश्न अँड्रॉइडवरही पैशाचाच आहे, तिथे फक्त कुणी अडवत नाही एवढंच.

वाटा तीन आहेत: पहिल्याच पडद्यावर सक्तीचं लॉगिन, लॉगिनच नाही, आणि आधी खरेदी, मग हवं असेल तर लॉगिन.

सक्तीचं लॉगिन

हे कुणाला शोभतं? जिथे सेवा माणसाच्या नावाने चालते त्याला. दर रविवारच्या टेस्टची रँक, सरांनी तपासलेली उत्तरं, बॅचची हजेरी, तीन दुकानांचा एकत्र हिशोब. यातलं काहीही खात्याशिवाय उभंच राहत नाही आणि हे नीट समजावलं तर अ‍ॅपलही मान्य करतं. पण नुसता प्रश्नसंच आणि व्हिडिओ असतील, तर ‘आम्हाला युजर ओळखायचाय’ हे कारण तिथे चालत नाही.

ही वाट धरली की मागून बाकीची कामं येतात. खातं उघडू देता म्हटल्यावर ते अ‍ॅपमधूनच बंद करता आलं पाहिजे. अ‍ॅपलकडे हे ३० जून २०२२ पासून बंधनकारक आहे. गूगलला त्याशिवाय अ‍ॅपच्या बाहेर वेबवरही खातं मिटवायची लिंक लागते. गूगलने लॉगिन ठेवलंत, तर अ‍ॅपलच्या ४.८ कलमाप्रमाणे जोडीला खासगीपणा जपणारा दुसरा पर्याय द्यावा लागतो, बहुतेक जण ‘साइन इन विथ अ‍ॅपल’ लावतात. स्वतःचं ओटीपी लॉगिन असेल तर ही कटकट नाही, पण मग एसएमएसचा खर्च आणि डीएलटीची (असे एसएमएस पाठवायला टेलिकॉम कंपन्यांकडे करावी लागणारी) नोंदणी आलीच.

आणि अ‍ॅप मंजूर करण्याआधी ते तपासणारा, म्हणजे रिव्ह्यू करणारा, स्टोअरचा माणूस. तो कुठल्या देशात बसलाय माहीत नाही, त्याच्याकडे भारतीय सिम नाही, तुमचा ओटीपी त्याला दिसणार नाही. त्यामुळे एक चाचणीचा नंबर आणि न बदलणारा ओटीपी सर्व्हरवर कायम ठेवावा लागतो. फायरबेस या अ‍ॅप करणाऱ्यांसाठीच्या गूगलच्या सेवेत ही सोय तयारच आहे. गूगलकडे अ‍ॅप चढवायच्या पानावर, म्हणजे प्ले कन्सोलमध्येही, ‘अ‍ॅप अ‍ॅक्सेस’खाली हीच माहिती भरायची असते. तो नंबर चालू नसेल तर बाकी अ‍ॅप कितीही चांगलं असो, रिव्ह्यू तिथेच थांबतो.

लॉगिनच नाही

वरवर पाहता ही सगळ्यात स्वस्त वाट. पैसे घेणारं स्टोअर, कुणी घेतलं ते लक्षात ठेवणारं स्टोअर. आयफोनवर स्टोअरकिट आणि अँड्रॉइडवर प्ले बिलिंग ही स्टोअरची खरेदीची यंत्रणा सांगते की या स्टोअर खात्यावर सबस्क्रिप्शन चालू आहे, तुम्ही कुलूप उघडायचं. अ‍ॅपलला ‘रिस्टोअर’चं, म्हणजे आधीची खरेदी परत मिळवायचं, बटण लागतं, तेवढं ठेवा. कुणाचा नंबर साठवत नाही म्हणजे तो सांभाळायची जबाबदारीही नाही. नीटच्या अ‍ॅपला हे लहान गणित नाही: डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये १८ वर्षांखालचं प्रत्येक जण ‘बालक’ आहे आणि त्याची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. अकरावीचा विद्यार्थी त्यात बसतोच.

पण मराठवाड्यात ही वाट एका जागी हमखास खचते. स्टोअर गृहीत धरतं की माणसाचं जीमेल कायम आहे. आपल्याकडे ते बऱ्याचदा मोबाईलच्या दुकानदाराने, फोन विकताना, काउंटरवरच काढून दिलेलं असतं. पासवर्ड त्यालाही आठवत नाही आणि घेणाऱ्याला तो कधी सांगितलेलाच नसतो. फोन पडला, फुटला, नवा घेतला की नवं जीमेल. सबस्क्रिप्शन जुन्या खात्यावर राहतं, पैसे दर महिन्याला कटत राहतात आणि अ‍ॅप म्हणतं, ‘तुम्ही सदस्य नाही.’ मग तालुक्याहून फोन येतो, ‘दादा, पैसे कटलेत अन् अ‍ॅप उघडंना गेलं.’ तुमच्या हातात ना नाव, ना नंबर. ऑर्डर आयडी विचारायचा तर ती पावती त्याच जीमेलवर, जे आता उघडत नाही.

दुसरी अडचण घराची. वडील गावी, यूपीआय त्यांच्या फोनवर. लेक लातूरच्या हॉस्टेलवर, तिच्या हातात टॅब, त्यात वेगळंच जीमेल. खरेदी एका खात्यावर, अभ्यास दुसऱ्यावर. अ‍ॅपलकडे निदान सबस्क्रिप्शन फॅमिली शेअरिंगला (घरातल्यांनी एकच खरेदी वाटून वापरण्याला) खुलं करता येतं, पण आयफोन असलेलं घर आणि फॅमिली शेअरिंग लावलेलं घर हे दोन्ही जुळून येणं विरळाच.

आधी खरेदी, मग लॉगिन

म्हणून माझं मत तिसऱ्या वाटेला. भाव उघड दाखवा, पैसे घ्या, कुलूप लगेच उघडा आणि तिथेच एक पडदा दाखवा: ‘फोन बदलला किंवा दुसऱ्या फोनवर वापरायचं असेल तर नंबर जोडून ठेवा.’ खाली ‘नंतर’ हे बटण, तेही ठळक. अ‍ॅपलला हेच हवं असतं, नोंदणी ऐच्छिक आणि तिचा फायदा सांगितलेला. वडिलांनी गावी घेतलं, नंबर जोडला, लेकीने टॅबवर त्याच नंबरने उघडलं. ओटीपी वडिलांकडे जाईल, तो फोन करून विचारता येतो. आपल्याकडे गॅसच्या सिलिंडरपासून सगळं तसंच चालतं.

मात्र ही वाट करायला सोपी नाही, आणि वेळापत्रक काढताना हे लपवू नका. प्ले बिलिंगमध्ये नवी खरेदी ३ दिवसांत ‘अ‍ॅक्नॉलेज’ करावी लागते, म्हणजे ती पोचल्याची कबुली गूगलला द्यावी लागते, नाहीतर गूगल पैसे परत करून सबस्क्रिप्शन काढून घेतं. ही कबुली लॉगिननंतर पाठवायची अशी सर्व्हरची रचना केलीत, तर ज्यांनी ‘नंतर’ दाबलं त्यांचे सगळ्यांचे पैसे चौथ्या दिवशी परत गेलेले दिसतील. कबुली खरेदी होताच द्यायची, खात्याची वाट पाहायची नाही.

मग भावंडांचा पेच. घरात एकच फोन, त्यात एकच जीमेल, पण अ‍ॅपमध्ये दादाचा एक नंबर आणि ताईचा दुसरा. सबस्क्रिप्शन एकच. दादाने घेतलं, ताईने लॉगिन करून ‘रिस्टोअर’ दाबलं, आता ते कुणाचं? एक तर ते ताईकडे सरकवा आणि दादाला तसा निरोप दाखवा, नाहीतर ‘हे दुसऱ्या नंबरला जोडलेलं आहे’ म्हणून थांबवा. मी सरकवण्याच्या बाजूचा आहे. थोडी चोरी होते, पण भांडण तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर न येता घरातच मिटतं. कोणताही नियम ठेवा, पहिल्या दिवशीच ठरवून ठेवा. मूळ व्यवहाराचा आयडी कोणत्या खात्याला चिकटला याची नोंद नंतर दुरुस्त करणं जिकिरीचं आहे.

नंबरही कायमचा नसतो. रिचार्ज बंद ठेवलेलं सिम काही महिन्यांनी दुसऱ्याच्या हाती जातं आणि त्याच्यासोबत तुमच्या अ‍ॅपचं खातंही. जुन्या नंबरवर बऱ्याच दिवसांनी लॉगिन आलं तर नाव विचारून घ्या, थेट आत सोडू नका.

खातं मिटवलं म्हणून स्टोअरचं सबस्क्रिप्शन आपोआप थांबत नाही. त्या पडद्यावर स्पष्ट लिहा की पैसे कटणं थांबवायला स्टोअरच्या सेटिंगमध्ये जाऊन रद्द करावं लागेल, आणि तिथे नेणारी लिंक द्या.

मग निवडायचं कसं? अ‍ॅपमध्ये नुसतं वाचायचं-सोडवायचं असेल आणि भाव महिन्याला चहा-पोह्यांइतका असेल, तर दुसरी वाट पुरे. तक्रार आली तर एक महिना फुकट देऊन मोकळे व्हा. वर्षाची फी हजारात असेल तर तिसरीला पर्याय नाही, कारण तेवढे पैसे देणारा फोन बदलल्यावर गप्प बसत नाही. क्लासच्या टेबलावर रोख फी घेऊन मुलांना लॉगिन देणाऱ्यांनी पहिली धरावी, पण तेच रेकॉर्ड केलेलं शिक्षण आयफोनच्या अ‍ॅपमध्ये उघडायचं असेल तर अ‍ॅपमधून विकत घ्यायची सोयही ठेवावी लागेल, हे रिव्ह्यूला पाठवण्याआधी क्लासच्या मालकाला सांगून ठेवा. स्टोअरचा कट ऐकल्यावर तो भाव बदलणारच आहे.