सहाशे एकोणपन्नास रुपयांचा टॉर्च: दहा महिन्यांच्या वापरानंतर

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्री नदीचे पाणी बडोद्यात शिरले, तेव्हा कारेलीबागेतील आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावरचे मीटर पाण्याखाली गेले आणि आम्ही दोन रात्री अंधारात काढल्या. घरात उजेडासाठी तीन मोबाइल, देवघरातल्या समया आणि माळ्यावर सापडलेला एक जुना पितळी टॉर्च एवढेच होते. टॉर्चमधले सेल केव्हाच गळून आतली स्प्रिंग हिरवी पडलेली होती, आणि मोबाइल दिव्यासाठी वापरावा तर फोन करण्यापुरतेही चार्जिंग उरत नव्हते. त्यानंतरच्या जूनमध्ये, पाऊस सुरू होण्याच्या आत, मी ६४९ रुपयांना एक एलईडी टॉर्च ऑनलाइन मागवला. सोसायटीचा सचिव असल्यामुळे रात्री-अपरात्री टाकी, व्हॉल्व्ह, मीटरपेटी आणि पार्किंग पाहण्याचे काम माझ्याकडेच येते, त्यामुळे तो जवळपास रोज हातात असतो. कंपनीचे नाव मी लिहीत नाही, कारण हुबेहूब हाच टॉर्च तीन-चार निरनिराळ्या नावांनी विकला जातो आणि एकाच नावाला बोल लावण्यात अर्थ नाही.

टॉर्च वीतभर लांबीचा आणि काळ्या ॲल्युमिनियमचा आहे. पुढचा भाग मागे-पुढे सरकवला की फोकस पसरतो किंवा गोळा होतो. आत १८६५० या मापाचा एक लिथियम सेल असतो. हे आकडे म्हणजे त्याचे माप आहे: १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी. चार्जिंगसाठी बाजूला टाइप-सी खाच आणि तिच्यावर रबरी झाकण आहे. खोक्यावर ‘१०,००० लुमेन’ असे ठळक छापलेले होते आणि सेलच्या अंगावर ‘९८०० एमएएच’.

या दोन आकड्यांविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण या किमतीच्या टॉर्चची निवड बहुतेक लोक याच आकड्यांवर करतात. घरात लावतो त्या ९ वॅटच्या चांगल्या एलईडी बल्बचा प्रकाश साधारण ९०० लुमेन असतो, म्हणजे एका वॅटमागे शंभर. या हिशेबाने १०,००० लुमेनसाठी शंभर वॅट लागतील, आणि ३.७ व्होल्टच्या एका सेलमधून शंभर वॅट काढायचे तर सत्तावीस अँपिअर प्रवाह ओढावा लागेल. तेवढा प्रवाह या टॉर्चच्या केसासारख्या तारांतून गेला असता, तर टॉर्च हातात धरणे दूरच, तो पहिल्याच मिनिटाला विझला असता. सेलचीही तीच गत आहे. या मापाच्या नेहमी मिळणाऱ्या चांगल्या सेलची क्षमता ३५०० एमएएचच्या आसपास थांबते, त्यामुळे ९८०० हा आकडा सेलच्या क्षमतेचा नसून छापणाऱ्याच्या हिमतीचा समजावा.

माझी खात्री मात्र गणिताने पटली नाही, ती काट्याने पटली. या मापाचा अस्सल सेल ४५ ते ४८ ग्रॅम भरतो असे माहीत होते, म्हणून जुन्या शहरातल्या मांडवीकडे जाणे झाले तेव्हा टॉर्चमधला सेल खिशात टाकून नेला आणि ओळखीच्या सोनारांना तो त्यांच्या काट्यावर ठेवायला सांगितला. काट्याने ३१ ग्रॅम दाखवले. सोनारांनी सेल उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, “साहेब, दागिना पोकळ निघाला म्हणायचा.” पुढे यूएसबी मीटर लावून चार्ज केला, तेव्हा पूर्ण रिकाम्या अवस्थेतून तो जेमतेम ११५० एमएएच घेऊन भरला.

प्रकाश मोजण्यासाठी माझ्याकडे प्रयोगशाळा नाही, पण ढोबळ अंदाज घरच्या घरी बांधता येतो. रात्री खोलीची दारे-खिडक्या बंद करून टेबलदिव्याची मान छताकडे वळवली, त्यात ९ वॅटचा बल्ब लावला आणि छतावरून परतणारा प्रकाश टेबलावर ठेवलेल्या मोबाइलमधील प्रकाशमापक ॲपवर वाचला. मग दिवा बंद करून त्याच जागी टॉर्च उभा केला आणि पुन्हा आकडा वाचला. मोबाइलचा आकडा स्वतंत्रपणे भरवशाचा नसला, तरी दोन आकड्यांचे प्रमाण बऱ्यापैकी खरे निघते. त्या प्रमाणावरून आमच्या टॉर्चचा प्रकाश पहिल्या मिनिटाला ३८० लुमेनच्या आसपास भरला, दहा मिनिटांनी तो ३०० वर आला, अर्ध्या तासाने २०० च्या थोडा वर राहिला आणि तासाभरानंतर त्याला उजेड म्हणणे कठीण झाले. सेलचा विद्युतदाब (व्होल्टेज) उतरत गेला की प्रकाशही उतरत जातो, कारण प्रवाह एकसारखा ठेवणारी मांडणी आत नाही.

हे वाचून टॉर्च टाकाऊ आहे असे वाटेल, पण तसे नाही. ३८० लुमेन हा खोटा बोललेल्या आकड्याच्या पंचविसाव्या भागाइतका प्रकाश असला, तरी जिन्यात, गच्चीवर किंवा बंद पडलेल्या लिफ्टच्या खोलीत तो पुरून उरतो. खरी अडचण फक्त सेलची होती. ऑगस्टमध्ये मी एका नामांकित कंपनीचा ३४०० एमएएचचा सेल साडेचारशे रुपयांना घेतला. काट्यावर तो ४७ ग्रॅम भरला. त्यावर हाच टॉर्च पूर्ण प्रकाशात तीन तास चालतो आणि पहिल्या दीड तासात डोळ्यांना फरक जाणवत नाही. सेल निवडताना एक गोष्ट मात्र आधी तपासावी: संरक्षक पट्टी (सेल पूर्ण रिकामा किंवा शॉर्ट होऊ न देणारे छोटे सर्किट) बसवलेले सेल मूळ मापापेक्षा तीन-चार मिलिमीटर लांब असतात, आणि असा एक सेल मी आधी आणला होता तो आत बसवल्यावर मागचे टोपण शेवटच्या आट्यापर्यंत फिरेना, म्हणून परत करावा लागला. बिनपट्टीचा सेल वापरायचा तर प्रकाश मंद होताच चार्जिंगला लावणे, तो पूर्ण मरेपर्यंत न वापरणे आणि सुटा सेल किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर खिशात कधीही न ठेवणे, एवढी पथ्ये पाळावी लागतात. जुडग्यातली किल्ली दोन्ही टोकांना टेकली तर खिसा पेटायला वेळ लागत नाही.

चार्जिंगच्या बाबतीत पहिल्या आठवड्यात मी फसलो होतो. नव्या मोबाइलबरोबर आलेल्या, दोन्ही बाजूंना टाइप-सी असलेल्या वायरने टॉर्च रात्रभर लावून ठेवला आणि सकाळी तो होता तसाच रिकामा. टॉर्च बिघडला असे समजून परत पाठवण्याच्या बेतात होतो, तेवढ्यात जुन्या चार्जरची, एका टोकाला मोठा चपटा यूएसबी असलेली वायर लावून पाहिली आणि लगेच लाल दिवा लागला. टाइप-सीच्या खाचेत ५.१ किलोओहमचे दोन रोध (रेझिस्टर) बसवलेले असले, तरच समोरचा नवा चार्जर वीज सोडतो, आणि स्वस्त वस्तूंमध्ये नेमके हे दोन-चार पैशांचे रोध वाचवलेले असतात. जुनी वायर टॉर्चलाच रबरबँडने बांधून ठेवली आहे. खाचेवरचे रबरी झाकण चौथ्या महिन्यात मुळाशी फाटले, आता तिथे चिकटपट्टी आहे.

बटणाची रचना ही या टॉर्चची सर्वांत त्रासदायक बाजू आहे. पूर्ण प्रकाश, मध्यम प्रकाश, लुकलुक आणि संकटाची खूण, असा क्रम आहे, आणि बटण दाबाल तसा तो पुढे सरकतो. मध्यम प्रकाशावरून टॉर्च विझवायचा म्हटले की अर्धवट दाबाने हमखास लुकलुक सुरू होते, आणि शिडीवर एका हाताने टाकीचे झाकण धरलेले असताना ती डोळ्यांवर येते तेव्हा या क्रमाची रचना करणाऱ्याला त्या शिडीवर उभे करावेसे वाटते. मागच्या वेळी कोणता प्रकाश होता हेही टॉर्चला आठवत नाही, तो दर वेळी पूर्ण प्रकाशानेच सुरू होतो. आमची आई रात्री उठते तेव्हा तिच्यासाठी तो उशाशी ठेवून पाहिला, तर दुसऱ्याच दिवशी तिने तो परत केला. “अरे, ही बॅटरी आहे की मोटारीचा दिवा? डोळे दिपून उलट मीच आपटायची!” असे ती म्हणाली, आणि ते खरे होते. शेवटी दह्याच्या छोट्या डब्याचे पांढरे झाकण टॉर्चच्या तोंडावर घट्ट बसते असे लक्षात आले. ते लावून मध्यम प्रकाशात टॉर्च उभा ठेवला की खोलीभर सौम्य उजेड राहतो आणि आईची तक्रार नाही.

प्रकाशाचा रंग निळसर पांढरा आहे. पांढऱ्या एलईडीत मुळात निळा प्रकाश देणारी चिप असते आणि तिच्यावरचा पिवळा लेप त्यातल्या काही भागाचा रंग बदलतो. लेप कमी प्रतीचा असला की लाल रंग नीट उमटत नाही. (निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. तो निळा एलईडी तयार होण्याआधी असा पांढऱ्या एलईडीचा टॉर्च शक्यच नव्हता.) मीटरपेटीत याचा प्रत्यक्ष अनुभव आला. लाल तार या प्रकाशात मळकट तपकिरी दिसते आणि शेजारच्या काळ्या तारेपासून वेगळी ओळखायला दोनदा पाहावे लागते. विजेच्या कामासाठी टॉर्च हवा असेल तर पिवळसर आणि रंग खरे दाखवणारा एलईडी असलेला घ्यावा. हा त्या कामाचा नाही.

फोकस गोळा केला की मात्र या टॉर्चची किंमत वसूल होते. भिंतीवर फोकस मारला तर चिपचा चौकोन त्याच्या रेघांसकट उमटतो. दूरवर तोच चौकोन झाडावर किंवा पाण्यावर पडतो. खोक्यावरचे ‘१ किलोमीटर’ अर्थातच सोडून द्यावे. अमेरिकेत २००९ मध्ये ठरलेल्या टॉर्चच्या मानकाप्रमाणे प्रकाश पाव लक्सवर, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका, येतो तेथवरचे अंतर मोजले जाते. चांदण्याएवढ्या उजेडात माणूस आहे की खांब हे कळते, चेहरा ओळखू येत नाही. आमच्या टॉर्चने शंभर मीटरवरच्या गोष्टी मला उपयोगापुरत्या दिसतात आणि एवढे बडोद्याच्या पावसाळ्यात फार आहे. विश्वामित्रीत मगरी आहेत आणि पाणी वाढले की त्या नाल्यांतून वस्तीत येतात, हे इथे राहणाऱ्यांना सांगावे लागत नाही. जुलैतल्या एका रात्री चौकीदाराने मागच्या नाल्याकडे बोलावले, तेव्हा पसरलेल्या उजेडात नुसते गढूळ पाणी आणि प्लास्टिकच्या पिशव्या दिसत होत्या. फोकस गोळा करून टॉर्च डोळ्यांच्या पातळीवर कानशिलापाशी धरला, तेव्हा चाळीसेक पावलांवर पाण्याच्या रेषेवर दोन नारिंगी ठिपके चमकले आणि स्थिर राहिले. मगरीच्या डोळ्यांमागचा पडदा आलेला प्रकाश आल्या वाटेनेच परत पाठवतो, त्यामुळे टॉर्च कमरेपाशी धरला तर ती चमक आपल्या डोळ्यांपर्यंत येत नाही. आम्ही फाटक लावून घेतले, मुलांना वर पाठवले आणि वन विभागाला फोन केला.

पण हाच सरकता फोकस टॉर्चचे सर्वांत कच्चे ठिकाणही आहे. पुढचा भाग ओढला की पिचकारीसारखी हवा आत खेचली जाते, आणि हवेबरोबर धूळ आणि दमट वाफही येते. ऑगस्टमध्ये भिंगाच्या आतल्या बाजूला धुके धरले, ते दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवल्यावर गेले. खोक्यावर ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेले असले तरी किती खोलीवर आणि किती वेळ याचा मानकाचा आकडा कुठे नाही. पावसाच्या सरीत चालतो, पाण्यात पडू देऊ नये एवढेच मी सांगेन. टाकीच्या शिडीवरून तो एकदा गच्चीच्या फरशीवर पडला, पोचा आला, बाकी काही झाले नाही.

नोव्हेंबरमध्ये टॉर्च चालता-चालता फडफडू लागला. टोपण उघडून आट्यांवरची काळी मळी कापडाने पुसली, टोपणाच्या कडेची उघडी धातू खोडरबराने घासली आणि आतली सैल झालेली पितळी चकती चिमट्याची टोके तिच्या दोन भोकांत घालून पाव फेरा घट्ट केली. एवढ्यावर फडफड थांबली. विजेचा प्रवाह टॉर्चच्या अंगातून आणि आट्यांतून बटणापर्यंत जातो, म्हणून तिथला मळ हा बिघाड ठरतो. रबरी वायसरला तेव्हाच थोडे सिलिकॉन ग्रीस लावले. दुकानदार देतात ते पेट्रोलियम जेली रबर फुगवते, ते लावू नये.

बटण यांत्रिक असल्यामुळे बंद टॉर्च सेल खात नाही. दिवाळीनंतर दीड महिना आम्ही बाहेरगावी होतो, परत आल्यावर त्याने पहिल्याच दाबाला पूर्ण उजेड दिला. सेलसकट माझा खर्च अकराशेच्या घरात गेला, आणि त्या पैशांत नामांकित कंपनीचा, खरे आकडे छापलेला लहान टॉर्च मिळतो हे मी नाकारत नाही. फक्त त्याचा फोकस एवढा दूर जात नाही, आणि आमच्या मागे नाला आहे. सध्या टॉर्च मीटरपेटीशेजारच्या खिळ्याला दह्याच्या झाकणासह टांगलेला असतो. जुना ३१ ग्रॅमचा सेल मात्र टोकांना चिकटपट्टी लावून अजून खणात पडला आहे, कारण तो कचऱ्याच्या गाडीत टाकायचा नाही आणि ई-कचरा गोळा करणारे सोसायटीत पुढच्या महिन्यात येणार आहेत.