शाळेचा अनुभवसप्ताह: निवड, नोंदणी आणि तीन वर्षांचा हिशेब

आमची मुलगी पुण्यातील एका सेमी-इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकते. या शाळेत सातवी ते नववीच्या वर्गांसाठी दरवर्षी मार्चच्या पहिल्या आठवड्यात पाच दिवसांचा अनुभवसप्ताह असतो. त्या दिवसांत नेहमीच्या तासिका बंद राहतात, तिन्ही इयत्तांच्या मुलांचे मिश्र गट केले जातात आणि प्रत्येक गट पाचही दिवस एकाच विषयाचे प्रत्यक्ष काम करतो. सहल आणि हा सप्ताह यांत शाळा आवर्जून फरक करते व तो बऱ्याच अंशी खराही आहे. मुलीने तीन वर्षांत तीन वेगवेगळ्या विषयांचे वर्ग केले. नोंदणीची धावपळ तिन्ही वेळा आमच्या वाट्याला आली, त्यामुळे वर्गांइतकेच त्यांच्या नियोजनाविषयीही लिहीत आहे. शाळेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण अशा उपक्रमांची माहितीपत्रके हल्ली अनेक शाळांतून थोड्याफार फरकाने सारखीच येतात.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांच्या हाताखाली काम करता यावे, असे म्हटले आहे. सुतारकाम, विजेची कामे, धातुकाम, बागकाम, कुंभारकाम ही उदाहरणे त्यात दिली आहेत. आमच्या शाळेच्या माहितीपत्रकाची सुरुवात याच उल्लेखाने होते आणि मग जणू ही कल्पना नुकतीच कोणाला सुचली आहे अशा थाटात पुढचा मजकूर येतो. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी उद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला होता, आणि पुणे जिल्ह्यातच पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली प्रत्यक्ष कामातून शिकवणारा विज्ञान आश्रम सुरू केला, याची एखादी ओळ तरी तिथे असायला हरकत नव्हती.

नोंदणीचा क्रम असा आहे. जुलैमध्ये माहितीपत्रक मिळते, ऑगस्टमध्ये पसंतीअर्ज भरायचा असतो, दिवाळीपूर्वी गट जाहीर होतात आणि डिसेंबरपर्यंत शुल्क, पालकांचे संमतिपत्र व आरोग्यपत्रक द्यायचे असते. प्रत्येक वर्गाला वीस जागा असतात. पहिल्या वर्षी पसंतीअर्ज शनिवारी रात्री आठ वाजता ऑनलाइन उघडला आणि जो आधी भरेल त्याला जागा, असा नियम होता. कोकणातील वेळास गावच्या कासवांचा वर्ग सहा मिनिटांत भरला. ज्या घरात दोन्ही पालक त्या वेळी कामावर होते किंवा एकच फोन होता, त्या घरातील मुलांना उरलेल्या जागांवर समाधान मानावे लागले. शिवाय अर्ज पालकांच्या फोनवर आल्याने निवडही पालकांनीच केली. आमच्याही घरी तसेच झाले, हे कबूल करतो. पालकसभेत यावर बराच खल झाला आणि दुसऱ्या वर्षी पद्धत बदलली. आता मुलाने स्वतःच्या हाताने एक पानभर लिहून द्यायचे असते की, हा वर्ग मला का हवा आणि त्याविषयी मला आज काय ठाऊक आहे. जागांपेक्षा पत्रे जास्त आली तर मुलांसमोर चिठ्ठ्या काढतात. या शाळेने तीन वर्षांत केलेली ही सर्वांत चांगली सुधारणा आहे, असे माझे मत आहे. ते पान लिहिताना मुलीने कासवांविषयी जेवढे वाचले तेवढे एरवी वाचले नसते.

माहितीपत्रक मात्र अजूनही जाहिरातीच्या भाषेत असते. ‘थरार’, ‘अविस्मरणीय’, ‘निसर्गाच्या कुशीत’ असे शब्द ठायी ठायी भेटतात. पण मुले सकाळी नऊ ते दुपारी चार या वेळात नेमके काय करणार, शिकवणारी व्यक्ती कोण, हाताने काय बनवायचे आणि शेवटी काय सादर करायचे, याचा पत्ता नसतो. कार्यालयात मागितल्यावर वेळापत्रक मिळते. ते मागावेच. दोन वर्गांची वेळापत्रके शेजारी ठेवली की कोणत्या वर्गात काम आहे आणि कोणत्या वर्गात नुसता बसप्रवास आहे, ते चटकन ध्यानात येते. राजगडाच्या वर्गाचे उदाहरण घ्या. रायगडापूर्वीची ही राजधानी, तिथल्या पाण्याच्या टाक्या, माच्यांची बांधणी आणि पायाखालचा काळा बसाल्ट हे सगळे पाच दिवस पुरेल इतके आहे. प्रत्यक्षात चार दिवस वर्गात चलचित्रे दाखवून पाचव्या दिवशी गड चढायचा, असे वेळापत्रक निघाले. तो अर्ज आम्ही भरला नाही.

पहिल्या वर्षी, सातवीत असताना, कुंभारकाम मिळाले. कुंभारवाड्यातून आलेल्या कारागिरांनी शाळेच्या मागच्या पटांगणात चाक मांडले. पहिले दोन दिवस मुलांकडून केवळ माती चाळून, खडे वेचून आणि पायाने तुडवून घेतली. काही पालकांनी ‘एवढ्यासाठी शुल्क भरले का’ असा सूर लावला. पण मला तेच दोन दिवस सर्वांत मोलाचे वाटले, कारण मातीत एक खडा राहिला तर चाकावर भांडे कसे फाटते, ते तिसऱ्या दिवशी मुलांच्या हातांनीच त्यांना सांगितले. खरी चूक नियोजनात होती. भांडे सावलीत पुरेसे वाळल्याशिवाय आव्यात, म्हणजे भाजणीच्या भट्टीत, घालता येत नाही आणि पाच दिवसांत ते वाळत नाही. भाजणी कधी करायची, याचा विचारच झाला नव्हता. मुले कच्ची भांडी घेऊन घरी आली. मुलीने हौसेने पणतीत पाणी घातले आणि थोड्याच वेळात तिचा चिखल झाला. भाजल्यावर मातीत काय बदल होतो, हा या कलेतील विज्ञानाचा गाभा आहे आणि नेमका तोच भाग गळला. दोन आठवड्यांनी एखाद्या शनिवारी आवा लावला असता तरी भागले असते. आम्ही तसे लेखी सुचवले होते; पुढच्या वर्षीच्या वेळापत्रकात मात्र काही बदल दिसला नाही. शुल्क २,२०० रुपये होते आणि ते रास्त होते.

आठवीत पत्र लिहून, चिठ्ठी निघून वेळास मिळाले. रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले हे गाव चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून केलेल्या कासव संरक्षणामुळे नावारूपाला आले. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री किनाऱ्यावर येऊन वाळूत खड्डा करते, त्यात साधारण शंभरेक अंडी घालते आणि समुद्रात परत जाते. कुत्री-कोल्ह्यांनी ती उकरू नयेत म्हणून कार्यकर्ते अंडी उचलून जाळीच्या कुंपणातील उबवणी केंद्रात तशाच खोलीवर पुरतात. पिल्ले बाहेर यायला सुमारे ४५ ते ६० दिवस लागतात आणि वाळू किती तापली यावर ती नर होणार की मादी, हे ठरते. आपल्या माहितीपत्रकात शाळेने ‘पिल्ले समुद्रात सोडण्याचा थरार’ असे छापले होते. असे छापणे मला बेजबाबदार वाटते. शाळेच्या तारखा जुलैत ठरतात आणि मादी किनाऱ्यावर कधी येईल, हे कोणाच्याच हातात नसते.

झालेही तसेच. सकाळी सात आणि संध्याकाळी सहा या वेळी घरट्यांवरच्या टोपल्या उचलून पाहतात. पहिल्या दोन दिवसांत चार वेळा टोपल्या उचलल्या गेल्या आणि चारही वेळा खाली नुसती वाळू होती. गटातली निम्मी मुले हिरमुसली. सोबतच्या बाईंनी तेव्हा जे केले त्यासाठी त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडे आहे. त्यांनी मुलांना केंद्रातील प्रत्येक घरट्याची पाटी वाचायला लावली, अंडी कधी मिळाली ती तारीख आणि अंड्यांची संख्या वहीत उतरवून घेतली आणि त्यावरून पिल्ले केव्हा निघतील याचा अंदाज बांधायला सांगितले. मुलीने बांधलेला अंदाज तीन दिवसांनी चुकला, पण तो का चुकला असावा याची तिने वहीत पाऊणपान भरून चर्चा केली आहे. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सात पिल्ले निघाली. राहणे-जेवणे गावातल्या घरांतच होते. ज्या काकूंकडे मुली उतरल्या होत्या त्यांनी पहिल्याच दिवशी ‘पाणी जपून वापरा गो’ असे बजावले, आणि पुण्यात नळ सोडून दात घासणाऱ्या आमच्या कन्येने परत आल्यावर आठवडाभर तरी ते पाळले.

समुद्राकाठच्या वर्गाविषयी पालकांना धास्ती वाटणे साहजिक आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या विद्यार्थ्यांचा बुडून मृत्यू झाला होता, ते आमच्या पिढीचे पालक विसरलेले नाहीत. या बाबतीत शाळेची तयारी चोख होती. दहा मुलांमागे एक शिक्षक, मुलींसोबत दोन शिक्षिका, घोट्याच्या वर पाण्यात पाऊल टाकायचे नाही हा लेखी नियम आणि जवळच्या आरोग्य केंद्राचा पत्ता, असे सर्व संमतिपत्रासोबतच मिळाले. आरोग्यपत्रकात दम्यासाठी स्वतंत्र रकाना होता. माझी तक्रार पैशांविषयी आहे. शुल्क ७,५०० रुपये सांगितले होते. जानेवारीत ‘बसभाडे वाढल्यामुळे’ आणखी ९०० रुपये मागण्यात आले, आणि डिसेंबरनंतर नाव मागे घेतल्यास काहीच परत मिळत नाही, ही अट तेव्हा प्रथम कळली. ज्यांना शुल्क झेपत नाही त्यांच्यासाठी सवलत आहे, परंतु ती माहितीपत्रकात लिहिलेली नाही. खिडकीवर उभे राहून सर्वांसमोर विचारावी लागते. त्या संकोचापायी किती मुलांनी वेळासचे पत्रच लिहिले नसेल, हे शाळेने तपासायला हवे.

नववीत मुलीची पहिली पसंती खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या वर्गाला होती. नारायणगावाजवळच्या या दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत आणि शाळेचे भौतिकशास्त्राचे सर त्या विषयात खरोखर रमणारे आहेत. चिठ्ठी निघाली नाही. दुसरी पसंतीही हुकली आणि वाट्याला आला ‘बाजार आणि हिशेब’, म्हणजे गुलटेकडीचे मार्केट यार्ड. घरात दोन दिवस अबोला होता. या वर्गासाठी जेमतेम अकरा पत्रे आली होती, असे नंतर कळले.

या वर्गाचे शुल्क १,४०० रुपये होते आणि तीन वर्षांत पैसे सर्वाधिक वसूल झाले ते इथेच. मुले पहाटे साडेचारला गेटवर हजर असत. पहिल्या दिवशी फक्त पाहायचे, दुसऱ्या दिवशी एका गाळ्यावर बसून डाग, म्हणजे मालाची पोती-गाठोडी, मोजायचे, तिसऱ्या दिवशी शेतकऱ्याच्या हाती पडणारी पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, समजून घ्यायची. पट्टीवर मालाची रक्कम वर असते आणि हमाली, तोलाई, गाडीभाडे वजा होत होत खाली जो आकडा उरतो तो पाहून मुलांचे चेहरे काय झाले असतील, याची कल्पना करता येते. अडत, म्हणजे माल विकून देणाऱ्या अडत्याचे कमिशन, पूर्वी शेतकऱ्याकडून घेतली जात असे आणि २०१६ मध्ये ती खरेदीदाराकडून घ्यायचे ठरले, हे मुलीला एका अडत्याने समजावले. तसे सगळीकडे खरोखर होते का, हा प्रश्न तिने त्यालाच विचारला आणि तो नुसता हसला, अशी तिच्या वहीत नोंद आहे. चौथ्या दिवशी हमालांशी बोलणे झाले. पाठीवर ओझे वाहणाऱ्यांना कायद्याचे संरक्षण देणारा माथाडी कायदा महाराष्ट्राने १९६९ मध्ये केला आणि हमाल पंचायत या हमालांच्या संघटनेने १९७४ साली ‘कष्टाची भाकर’ हे स्वस्त जेवणाचे केंद्र सुरू केले, हे आधी वर्गात सांगून झाले होते, त्यामुळे त्या दिवशीची झुणका-भाकर मुलांनी नुसती खाल्ली नाही, तिची किंमत कशी बसते तेही विचारले. शेवटच्या दिवशी प्रत्येकाने एका भाजीचा शेतापासून आपल्या घराजवळच्या हातगाडीपर्यंतचा दर मांडला. मुलीने मेथी घेतली होती.

हा वर्ग इतका नेटका होण्याचे कारण साधे आहे. सप्ताहाच्या आधी दोन शनिवार तयारीला आणि नंतर एक शनिवार सादरीकरणाला दिला होता, तोही संबंधित शिक्षिकेने आपणहून. बाकीच्या वर्गांत पाच दिवस संपले की विषय संपतो. विज्ञान आश्रमाने गावोगावच्या शाळांत रुजवलेल्या कार्यक्रमात आठवी ते दहावीची मुले वर्षभर आठवड्यातून एक दिवस शेती, वीज, बांधकाम, स्वयंपाकघर यांतली खरी कामे करतात आणि गावाला त्यांचा उपयोग होतो. त्या मानाने मार्चमधला एकच आठवडा तोकडा पडतो. आमच्या शाळेकडे जागा आहे, पटांगण आहे आणि पालकांत सुतारापासून अभियंत्यापर्यंत सगळे आहेत. निदान सातवीसाठी तरी महिन्यातून दोन शनिवार देणे अशक्य नाही.

नव्याने अर्ज भरणाऱ्यांनी दोन-तीन गोष्टी कराव्यात. वेळापत्रक आणि शुल्काचा तपशील लेखी मागावा, त्यात वाढ होऊ शकते का हे विचारावे, नाव मागे घेण्याची अट ऑगस्टमध्येच वाचावी. आरोग्यपत्रकावर डॉक्टरांची सही लागते आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दवाखान्यांत गर्दी असते, म्हणून ते दिवाळीच्या सुट्टीतच उरकावे. पत्र मुलालाच लिहू द्यावे. मागच्या वर्षी बाईंनी चार पत्रे पालकांच्या अक्षरातली म्हणून परत पाठवली होती. धाकटा यंदा सातवीत आहे. त्याने पहिली पसंती कुंभारकामाला दिली आहे आणि पत्राच्या शेवटी ‘या वर्षी आवा लावणार आहात का?’ असे विचारले आहे. उत्तर अजून आलेले नाही.