ब्राउन शुगर सोडवायची: दाखल करायचं की ओपीडीतून गोळी?

मुलगा उपचाराला तयार होतो आणि घरचे नेमके इथे अडकतात. ब्राउन शुगर म्हणजे भेसळीचं हेरॉइन, अफूपासूनची नशा. २०१९च्या राष्ट्रीय पाहणीनुसार अफूजन्य नशेसाठी मदतीची गरज असलेले लोक देशात सुमारे ७७ लाख होते.

त्रास: शेवटच्या झुरक्यानंतर ८-१२ तासांत जांभया, नाक-डोळे गळणं, पायांत गोळे, जुलाब, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस. वॉर्डात हे नर्स सांभाळतात. ओपीडीत ब्युप्रेनॉर्फिन देतात, म्हणजे हा त्रास आणि नशेची ओढ आवरणारी गोळी. गोळी जिभेखाली ५-१० मिनिटं विरघळू द्यायची, गिळली तर जवळपास वाया. पहिली गोळी त्रास सुरू झाल्यावरच घ्यायची. नशा अंगात असताना घेतली तर तीच त्रास भडकवते, मग ‘औषध बाधलं’ म्हणत पोरं पळतात.

वेळ: पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रासारख्या ठिकाणी निवास साधारण पाच आठवड्यांचा. गोळी महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं. सुरुवातीला रोजची फेरी. नोकरी मात्र टिकते.

जिवाचा धोका: हा मुद्दा सर्वात मोठा. दाखल राहून शरीराची सवय मोडते. घरी परतल्यावर जुन्याच मापाने ओढली तर श्वास थांबू शकतो. गोळी चालू असलेल्यांना हा धोका बराच कमी. म्हणून डिस्चार्जच्या दिवशीच पुढच्या औषधाचं विचारा.

सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या असतील, फिट येत असेल, आत्महत्येचे विचार असतील किंवा घरातच ओढणारे असतील, तर दाखल करा. रोजगार आहे, सोबतीला घरचं माणूस आहे, केंद्र जवळ आहे, तर ओपीडी. केंद्र कळत नसेल तर १४४४६ या मोफत हेल्पलाइनवर विचारा.