थीसिस, डेटा, नाटकाचं रेकॉर्डिंग: विद्यापीठातलं काम ठेवायचं कुठे? रिपॉझिटरी, झेनोडो, आर्काइव्ह की रिसर्चगेट

व्हायवा झाला, पेढे वाटून झाले, आता ती पीडीएफ आणि तिच्यासोबतचा सगळा पसारा कुठे ठेवायचा हा प्रश्न मला अधूनमधून कोणी ना कोणी विचारतंच, आणि विचारताना बहुतेकांचं उत्तर आधीच ठरलेलं असतं, "रिसर्चगेटवर टाकतो की, सगळे तिथेच तर आहेत" (रिसर्चगेट म्हणजे संशोधकांचं फेसबुकच म्हणा). म्हटलं एकदा नीट लिहूनच काढावं, म्हणजे पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवता येईल.

आधी पसारा म्हणजे काय ते बघू. विद्यापीठातलं काम म्हटलं की पेपर आणि प्रबंध एवढंच डोळ्यासमोर येतं, पण एखाद्या मोठ्या विद्यापीठाची रिपॉझिटरी, म्हणजे तिथलं काम जपून ठेवणारा लायब्ररीचा ऑनलाइन साठा, उघडून अर्धा तास नुसतं भटका, काय काय सापडतं बघा. संगीत विभागातल्या मुलांच्या मैफलींची रेकॉर्डिंग्ज, म्हाताऱ्या माणसांच्या तासतासभराच्या मुलाखती, आर्किटेक्चरवाल्यांची ड्रॉइंग्ज, कॉन्फरन्सची पोस्टर्स, विद्यार्थ्यांनी चालवलेल्या आणि दोन अंकांत बंद पडलेल्या मासिकांचे स्कॅन, कवितासंग्रह जो एमएचा प्रबंध म्हणून जमा झाला होता, आणि एखाद्याने तीन वर्षं मोजलेल्या पावसाच्या आकड्यांची एक्सेल शीट. या सगळ्याला एकच जागा सारखीच सोयीची नाही. म्हणून "सगळ्यात चांगलं कुठलं" हा प्रश्नच मला पटत नाही. हातात काय आहे आणि तुम्ही तिथून निघून गेल्यावर ते सांभाळणार कोण, हे दोन विचारा, निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

आर्काइव्हपासून सुरुवात करतो कारण ते सोपं आहे. प्रीप्रिंट, म्हणजे जर्नलमध्ये छापून येण्याआधीचा पेपर, सगळ्यांना वाचायला ठेवायची ही साइट. (स्पेलिंग arXiv, त्यातला एक्स हा ग्रीक अक्षर आहे, म्हणून उच्चार आर्काइव्ह, आणि जुन्या वेबसाइट जपणारं इंटरनेट आर्काइव्ह वेगळं, लोक कायम गल्लत करतात.) १९९१ मध्ये पॉल गिन्सपार्गने लॉस अलामोसला सुरू केलं, २००१ मध्ये ते कॉर्नेल विद्यापीठाकडे आलं. फिजिक्स, गणित, कॉम्प्युटर सायन्स, स्टॅटिस्टिक्स, इकॉनॉमिक्स असे ठरावीक विषय. त्यात बसत असाल तर फार विचार करू नका, टाका. सगळं सुरळीत असेल तर एक-दोन कामाच्या दिवसांत पेपर लोकांसमोर येतो. मॉडरेटर असतात पण ते विषय बरोबर आहे का, निदान शास्त्रीय वाटतंय का एवढंच बघतात, पिअर रिव्ह्यू (म्हणजे त्याच विषयातल्या तज्ज्ञांनी केलेली तपासणी) नव्हे, आणि नवख्या माणसाला त्या विषयातल्या आधीपासूनच्या लेखकाचं एन्डॉर्समेंट, म्हणजे शिफारस, लागू शकतं. पेरेलमन या रशियन गणितज्ञाने २००२ आणि २००३ मध्ये पॉइनकारे कन्जेक्चर या गणितातल्या जुन्या कोड्यावरचे तीन पेपर तिथेच टाकले, जर्नलला कधी पाठवलेच नाहीत, आणि २००६ ला त्यावर फील्ड्स मेडल हा गणितातला मोठा सन्मान जाहीर झाला जो त्याने घेतला नाही. आपण पेरेलमन नाही हे लक्षात ठेवून जर्नललाही पाठवा, पण आधी इथे टाकायला हरकत नाही. एक मात्र सांगतो, टाकलेलं पुसता येत नाही. विथड्रॉ केलं तरी आधीची व्हर्जन्स तिथेच दिसत राहतात, तेव्हा रात्री दोन वाजता घाईघाईत सबमिट करू नका.

जीवशास्त्रवाल्यांना बायोआर्काइव्ह आहे (२०१३ पासून), मेडिकलवाल्यांना मेडआर्काइव्ह (२०१९). इतिहास, साहित्य, नाट्यशास्त्र, फाइन आर्ट्सवाल्यांना मुख्य आर्काइव्हमध्ये जागा नाही, आणि खरं सांगायचं तर प्रीप्रिंटची घाई त्यांना तितकी नसतेही.

डेटा आणि कोड असेल तर माझं मत सरळ झेनोडो. सर्नवाल्यांनी २०१३ मध्ये सुरू केलं, तेच सर्न जिथे मोठा पार्टिकल कोलायडर आहे, त्यामुळे डेटा साठवणं हे त्यांच्या रोजच्याच धंद्यातलं. नाव आलंय झेनोडोटसवरून, अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा पहिला ग्रंथपाल. एका रेकॉर्डला ५० जीबीपर्यंत जागा फुकट मिळते, पब्लिश केलं की लगेच डीओआय (फाइलचा न बदलणारा ऑनलाइन पत्ता) मिळतो, नवीन व्हर्जन टाकलं की त्याला वेगळा डीओआय आणि सगळ्या व्हर्जन्सना मिळून एक कायमचा. कोड ठेवायची साइट गिटहब जोडून ठेवली तर प्रत्येक रिलीज आपोआप जाऊन बसतो. तुम्ही कुठल्या विद्यापीठात आहात, आहात की नाही, कोणी विचारत नाही. पण हाच त्याचा तोटाही आहे, कोणी काहीच विचारत नाही. तुम्ही "डेटा_फायनल_२_नवीन" नावाची फाइल वर्णनाशिवाय टाकलीत तर ती तशीच राहणार, कोणी फोन करून विचारणार नाही की बाबा, या तिसऱ्या कॉलममधले आकडे कुठल्या एककात आहेत.

आता विद्यापीठाची स्वतःची रिपॉझिटरी. बहुतेक ठिकाणी डीस्पेस हे सॉफ्टवेअर (एमआयटी आणि एचपीने मिळून २००२ मध्ये आणलेलं) किंवा ईप्रिंट्स (साउथॅम्प्टनचं, त्याच्याही आधीचं, २०००) यापैकी काहीतरी चालतं, आणि दिसायला बऱ्याचदा त्याच काळातलं वाटतं. सर्च भयंकर. स्वतःचाच प्रबंध मला स्वतःच्याच विद्यापीठाच्या सर्चमध्ये सापडला नव्हता, गूगलवर सापडला. पण खरी मेख इथेच आहे, रिपॉझिटरीच्या होमपेजवर जाऊन कोणी शोधत बसत नाही, लोक गूगल स्कॉलरवरून, म्हणजे गूगलच्या संशोधनासाठीच्या सर्चवरून, थेट पानावर उतरतात. (गूगल स्कॉलर फाइल ५ एमबीच्या आत ठेवायला सांगतं. फोटो भरून ८० एमबीचा झालेला प्रबंध सापडत नाही अशी तक्रार करण्याआधी हे बघा.)

मग रिपॉझिटरी कशाला? कारण तिथे माणूस असतो. लायब्ररीतला कोणीतरी फॉर्म उघडून बघतो, चुकलेलं नाव दुरुस्त करतो, पब्लिशरच्या अटी तपासतो, एम्बार्गो लावून देतो, म्हणजे ठरावीक काळ फाइल झाकून ठेवतो. पंधरा दिवस लागतात, कधी महिना, दोनदा मेल टाकावा लागतो, सगळं मान्य. पण मुलाखती, मैफली, प्रदर्शनाचे फोटो असल्या कामांसाठी हा माणूस फार मोलाचा, कारण या कामांत हक्कांची भानगड असते. नाटकाच्या एका रेकॉर्डिंगमध्ये लेखक, दिग्दर्शक, नट, संगीत देणारा, शूट करणारा, सगळ्यांचा काही ना काही वाटा असतो, आणि यातल्या प्रत्येकाची लेखी परवानगी प्रयोगाच्या दिवशी पाच मिनिटांत मिळते, चार वर्षांनी फोन नंबरही मिळत नाही. मुलाखतीत तर समोरच्याने घरातलं काय काय सांगितलेलं असतं, ते सगळं जगाला उघडं करायचं की फक्त लायब्ररीत बसून ऐकू द्यायचं, हे ठरवायची सोय चांगल्या रिपॉझिटरीत असते. फाइल लपवून ठेवायची सोय झेनोडोतही आहे, पण तिथे निर्णय एकट्याने घ्यायचा, सल्ला द्यायला कोणी नाही.

आणि एम्बार्गोचं म्हणाल तर लेखनवाल्यांनी हा भाग दोनदा वाचा. प्रबंध म्हणून कादंबरी किंवा कवितासंग्रह जमा केलाय आणि तो पहिल्याच दिवसापासून सगळ्यांना डाउनलोडला मोकळा आहे, तर पुढे एखादा प्रकाशक "हे तर आधीच उपलब्ध आहे" म्हणून हात आखडता घेऊ शकतो. इतिहासवाल्यांनाही हीच भीती होती, अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशनने २०१३ मध्ये पीएचडीचा प्रबंध सहा वर्षांपर्यंत झाकून ठेवायची मुभा द्या असं म्हटलं होतं, त्यावर बरीच वादावादी झाली. मला सहा वर्षं जास्त वाटतात, दोन वर्षं घ्या आणि लागली तर वाढवा. विज्ञानातल्या डेटाला मात्र झाकून ठेवण्यात फारसा अर्थ नसतो, पेटंट वगैरे असेल तर गोष्ट वेगळी.

राहिलं रिसर्चगेट आणि त्याच धर्तीचं अकॅडेमिया. दोन्ही २००८ च्या, दोन्ही खाजगी कंपन्या. अकॅडेमियाच्या पत्त्यात शेवटी ईडीयू दिसतं म्हणून लोकांना ते विद्यापीठाचं वाटतं, पण ते डोमेन नियम कडक व्हायच्या आधी, १९९९ मध्ये घेतलेलं होतं, एवढंच. लोक तिथे आहेत हे खरं, पीडीएफ मागणारे मेसेज येतात, आपल्या विषयात कोण काय करतंय कळतं, मीही वापरतो. पण ती दुकानाची काच आहे, गोदाम नाही. शिवाय तिथे लोक जर्नलची छापील पीडीएफ बिनधास्त चढवतात, आणि त्यावरूनच एल्सव्हिअर आणि अमेरिकन केमिकल सोसायटीने रिसर्चगेटला २०१७ मध्ये जर्मनीत कोर्टात खेचलं होतं, २०२३ मध्ये कुठे ते मिटलं. सहसा पब्लिशरची सजवलेली पीडीएफ टाकता येत नाही, पण रिव्ह्यूनंतर मान्य झालेली तुमची स्वतःची वर्डमधली प्रत काही महिन्यांनी रिपॉझिटरीत टाकता येते, जर्नलगणिक नियम बदलतात तेव्हा लायब्ररीला विचारा. आणि फंडिंग देणाऱ्यांच्या ओपन ॲक्सेसच्या (पेपर सगळ्यांना फुकट वाचता यावा या) अटीत रिसर्चगेटवर टाकलेलं बऱ्याचदा धरतच नाहीत.

पाचवा पर्याय म्हणजे काहीच न करणं, जो सगळ्यात लोकप्रिय आहे. आमच्या बॅचच्या नाटकाचं एकुलतं एक चांगलं रेकॉर्डिंग एका मित्राच्या विद्यापीठाच्या मेलच्या ड्राइव्हवर होतं, सगळ्यांकडे लिंक होती म्हणून कोणीच डाउनलोड केलं नाही, पदवी मिळाल्यावर काही महिन्यांनी ते अकाउंट बंद झालं. आता आमच्याकडे अकरा फोटो आहेत, त्यातल्या चारात पडदाच आहे.

मी स्वतः काय करेन? प्रबंध आणि सगळं कलेचं काम रिपॉझिटरीत, डेटा-कोड झेनोडोवर आणि त्याचा डीओआय प्रबंधात, प्रीप्रिंट विषय बसत असेल तर आर्काइव्हवर, रिसर्चगेटवर फक्त या सगळ्याच्या लिंका. ऑर्किड आयडी, म्हणजे संशोधकाचा स्वतःचा एक नंबर, काढा, फुकट आहे, म्हणजे चार ठिकाणी विखुरलेलं काम एकाच माणसाचं आहे हे कळतं. लायसन्स निवडताना सीसी बाय (नाव देऊन कोणीही कसंही वापरा असं सांगणारं) दिलं तर परत घेता येत नाही, कविता किंवा संगीत असेल तर एक रात्र विचार करा. आणि विद्यापीठाची रिपॉझिटरी बऱ्याच ठिकाणी लॉगिन चालू असेपर्यंतच अपलोड करू देते, नंतर गाईडच्या मागे लागावं लागतं, तेव्हा नो ड्यूजच्या सह्या घ्यायला लायब्ररीत जाल त्याच दिवशी पेन ड्राइव्ह सोबत न्या.