कर्जबाजारी क्लबला कोणता नियम परवडतो: स्पेनचा की इंग्लंडचा?

समजा एका फुटबॉल क्लबला 6 कोटी युरोंचा खेळाडू घ्यायचा आहे. करार 5 वर्षांचा, पगार वर्षाला 1 कोटी. फी, म्हणजे त्याच्या जुन्या क्लबला द्यायचे 6 कोटी, रोख द्या किंवा हप्त्यांनी, हिशेबाच्या वहीत ती कराराच्या वर्षांत सारखी विभागून खर्ची पडते. म्हणजे वर्षाला फीचे 1.2 कोटी आणि पगाराचा 1 कोटी, असा 2.2 कोटींचा बोजा; एजंटचे कमिशन वेगळे. बातमीत 6 कोटी झळकले तरी नियमांच्या तराजूत पडतात ते हे 2.2 कोटी, स्पेनमध्येही आणि इंग्लंडमध्येही. दोन्ही देशांत फरक आहे तो कर्जाचा कोणता भाग मोजतात आणि क्लबला कधी अडवतात, यात.

स्पेनमध्ये ला लिगा, म्हणजे तिथली अव्वल लीग, प्रत्येक क्लबला खर्चाची मर्यादा आधीच ठरवून देते. वर्षाच्या अपेक्षित उत्पन्नातून मैदानाबाहेरचा खर्च, व्याज आणि त्या वर्षी फेडायचे मुद्दल वजा करायचे. जे उरेल त्यात पहिला संघ, प्रशिक्षक, राखीव संघ आणि अकादमी बसवायची. मुद्दल वजा होते, हीच यातली ग्यानबाची मेख. उत्पन्न 30 कोटी, इतर खर्च 10 कोटी आणि परतफेड 3 कोटी असेल तर संघासाठी 17 कोटी राहतात. परतफेड 5 कोटींवर गेली की 15 कोटी. वरचा खेळाडू तिथेच गेला म्हणायचा, कारण त्याचा वर्षाचा बोजा जवळपास तेवढाच आहे.

बार्सिलोनाचे आकडे पाहिले की हे नीट कळते. 2019-20 मध्ये त्यांची मर्यादा 67.1 कोटी युरो होती. सप्टेंबर 2021 मध्ये ती 9.79 कोटींवर आली आणि मार्च 2022 मध्ये चक्क उणे 14.4 कोटी झाली. ऑगस्ट 2021 मध्ये अध्यक्ष जोआन लापोर्ता यांनी 135 कोटींचे कर्ज आणि 2020-21 चा 48.1 कोटींचा तोटा जाहीर केला होता. मर्यादा ओलांडलेल्या क्लबला तेव्हा 4 युरो वाचवले तर 1 युरो नव्या नोंदणीसाठी, म्हणजे खेळाडूला सामन्यात उतरवण्यासाठी लीगकडे नाव नोंदवायला, वापरता येत असे. मेस्सीचा जुना करार 30 जून 2021 रोजी संपला होता, त्यामुळे पगार निम्म्यावर आणायची त्याची तयारी असूनही ला लिगाच्या लेखी ती नवीच नोंदणी होती. ती मर्यादेत बसली नाही. त्यानंतर जेरार्ड पिके याने पगार कमी केला, तेव्हा कुठे मेम्फिस डिपाय आणि एरिक गार्सिया या नव्या खेळाडूंची नोंद झाली.

करार झाला म्हणजे खेळाडू मैदानात उतरलाच असे स्पेनमध्ये धरून चालू नये. 2022 मध्ये बार्सिलोनाने टीव्ही हक्कांचा एक चतुर्थांश हिस्सा 25 वर्षांसाठी विकला, तरी नव्याने घेतलेल्या ज्यूल्स कुंडेची नोंदणी लांबली आणि तो हंगामाच्या पहिल्या दोन सामन्यांना मुकला. त्याच क्लबने घेतलेल्या दानी ओल्मोचे प्रकरण याहून बिकट. ऑगस्ट 2024 मध्ये सहकारी आंद्रेआस क्रिस्टेन्सनच्या दीर्घ दुखापतीमुळे मिळणाऱ्या सवलतीवर त्याची नोंद झाली. अशा वेळी जखमी खेळाडूच्या खर्चाच्या 80 टक्क्यांपर्यंत जागा मिळते. पण ती नोंदणी 31 डिसेंबरला संपली, आणि एका हंगामात त्याच क्लबकडून दुसऱ्यांदा नोंदणी होत नाही. शेवटी 8 जानेवारी 2025 रोजी सरकारच्या क्रीडा परिषदेने तात्पुरता दिलासा दिला म्हणून तो खेळला. जखमी खेळाडूच्या जागेवर कायमचा खेळाडू घेणे हा आमच्या मते सर्वांत धोक्याचा मार्ग आहे: सवलत काही महिन्यांची, करार मात्र अनेक वर्षांचा.

इंग्लंडची रीत उलटी. तिथल्या अव्वल प्रीमियर लीगमध्ये 2025-26 पर्यंत अनेक वर्षे नोंदणीच्या वेळी असा अडसर नव्हता; तीन हंगामांचा तोटा मिळून 10.5 कोटी पौंडांपेक्षा जास्त नको, एवढेच. तेही मालकाने भांडवल ओतून तोटा भरून काढला तर, नाहीतर फक्त 1.5 कोटी. अकादमी, महिला संघ आणि स्टेडियम यांवरचा बराच खर्च यातून वगळला जातो. हा नफा-तोट्याचा हिशेब असल्याने कर्जाचे व्याज त्यात येते, मुद्दल येत नाही. म्हणून मोठ्या कर्जाचा क्लबही इथे खरेदी करत राहू शकतो, पण व्याजदर चढले की नकळत तोट्याच्या रेषेकडे सरकतो. एव्हर्टनच्या प्रकरणात नव्या स्टेडियमशी जोडलेल्या कर्जाचे व्याज वगळायचे की नाही, हाच एक मोठा वाद होता. नोव्हेंबर 2023 मध्ये लीगच्या गुणतक्त्यात त्यांचे 10 गुण कापले गेले, अपिलात ते 6 झाले.

नॉटिंगहॅम फॉरेस्टचा दाखला तारखेपुरता पाहावा. हिशेबातल्या तीन हंगामांपैकी दोन खालच्या विभागातले असल्याने त्यांची मर्यादा 6.1 कोटी पौंड होती, आणि ती त्यांनी 3.45 कोटींनी ओलांडली. हिशेबाचे वर्ष 30 जूनला संपत होते. त्यांचा खेळाडू ब्रेनन जॉन्सन विकला गेला 1 सप्टेंबर 2023 रोजी. उशिरा विकल्याने जास्त किंमत मिळाली, हा क्लबचा युक्तिवाद चुकीचा नव्हता; पण ते पैसे पुढच्या वर्षाच्या खात्यात गेले आणि 4 गुण कापले गेले.

जॉन्सन अकादमीतला होता, हेही यात महत्त्वाचे. अकादमीतल्या खेळाडूची पुस्तकी किंमत, म्हणजे वहीत अजून खर्ची न पडलेली फी, जवळपास शून्य असते, म्हणून विक्रीची जवळजवळ पूर्ण रक्कम त्याच वर्षी नफा ठरते. आपला 6 कोटींचा खेळाडू तीन वर्षांनी 2 कोटींना विकला, तर वहीत त्याची किंमत अजून 2.4 कोटी असते. हातात 2 कोटी येतात आणि वहीत 40 लाखांचा तोटा लागतो. अडचणीतला क्लब घरचाच पोरगा आधी विकतो, त्याचे कारण हे.

मग निवड कशी करायची? क्लबवर मोठे कर्ज आहे आणि मालक खिशात हात घालणार नाही, अशा ठिकाणी आम्ही स्पेनची पद्धत पसंत करू. ती चाहत्यांना चीड आणते, पण चूक होण्याआधी थांबवते. मालक श्रीमंत, परतफेड लांबची आणि अकादमी चांगली असेल तर इंग्लंडची पद्धत जास्त मोकळीक देते. तिथेही 2026-27 पासून तोट्याच्या नियमाऐवजी संघावरचा खर्च उत्पन्नाच्या 85 टक्क्यांत ठेवण्याचा नियम मंजूर झाला आहे. युरोपीय स्पर्धा खेळणाऱ्यांना युएफा या युरोपीय फुटबॉल संघटनेची 70 टक्क्यांची अट वेगळीच, म्हणजे जी कडक तीच पाळावी लागते.

अमेरिकेच्या एमएलएस लीगसारखी सर्व क्लबांना पगारासाठी एकच ठरावीक रक्कम समजायला सोपी, पण ती क्लबचे कर्ज बघतच नाही. तिथे 2025 मध्ये मर्यादा 59.5 लाख डॉलर होती, तरीही तीन खेळाडूंना तिच्याबाहेर कितीही पगार देता येतो. बार्सिलोनाच्या हिशेबात न बसलेला मेस्सी 2023 मध्ये मायामीत बसला तो याच दाराने.

तेव्हा खेळाडू घ्यायचा ठरला तर सहीआधी चार गोष्टी कागदावर मांडाव्यात: वर्षाचा खरा बोजा, त्या वर्षीचे मुद्दल, हिशेब बंद होण्याची तारीख, आणि विकायच्या खेळाडूची आजची पुस्तकी किंमत. विक्री आधी, खरेदी नंतर. स्पेनमध्ये यात आणखी एक भर: नोंदणी अडली तर खेळाडूचा पगार सुरू होणार की नाही, हे करारातच स्पष्ट लिहून घ्यावे.