इसबगोल: अर्धं वर्ष रोज घेतल्यानंतरचा अनुभव (आणि डब्यात चमचा का नाही?)

आधी तक्रार. साडेतीनशेच्या वर पैसे मोजले आणि डब्यात चमचा नाही. वर छापलंय 'दोन चमचे घ्या'. अहो पण कुठला, चहाचा की पोह्याचा? कस्टमर केअरला फोन लावला तर म्हणे सर नॉर्मल चमचा. सौ. केकसाठी वापरते त्या काट्यावर मोजून पाहिलं, एकाच चमच्याने सपाट घेतलं आणि शीग लावून घेतलं तर जवळजवळ दुप्पट फरक पडतो. प्रोटीन पावडरवाले डब्यात स्कूप टाकतात ना, मग यांना दोन रुपयांचं प्लास्टिक जड झालं?

वय ६१. उपाशीपोटी शुगर नॉर्मल, पण जेवणानंतर दोन तासांनी वर. डॉक्टर म्हणाले वयाबरोबर स्नायू कमी होतात, मग जेवणातली साखर खेचून घ्यायला जागाच कमी पडते, फायबर वाढवा. इसबगोल पाण्यात फुगून जेल होतं, त्यामुळे जेवण पोटातून सावकाश पुढे सरकतं आणि साखर एकदम चढत नाही. पोट साफ होणं वगैरे सगळ्यांना माहीतच आहे, आठवड्याभरात फरक पडला, त्यावर जास्त लिहीत नाही.

मधे ऑफर बघून संत्रा फ्लेवरची पाकिटं मागवली. मागचं बारीक अक्षर चष्मा लावून वाचलं तर घटकांमध्ये पहिलंच नाव साखर! आपल्याकडे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, म्हणजे इसबगोलाच्या भुशीपेक्षा साखर जास्त. शुगरसाठी घ्यायची वस्तू आणि तिच्यातच साखर, कमाल आहे. परत करायला गेलो तर 'खाद्यपदार्थ परत घेत नाही'. तीन मेल केले, तिन्हींना तेच उत्तर.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं आणि दोन स्टार देणार होतो, तेवढ्यात नवा रिपोर्ट आला. एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर) ६.१ चं ६.० झालं, म्हणजे काहीच नाही. पण एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १४८ वरून १३५, गोळीशिवाय! डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले हे जेल आतड्यात पित्त धरून बाहेर नेतं, मग नवीन पित्त बनवायला लिव्हर रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढतं. अमेरिकेच्या एफडीएने (तिथलं अन्न-औषध खातं) १९९८ लाच यावर हृदयासाठीचा दावा छापायला परवानगी दिलीये, दिवसाला ७ ग्रॅम सोल्युबल (पाण्यात विरघळणारं) फायबर, म्हणजे साधारण १० ग्रॅम भुशी. आता सांगा, १० ग्रॅम मोजायचे कशाने?

तर मत बदललं, चार स्टार. पण याच्या भरवशावर उसळ सोडू नका. इसबगोल आतड्यात फारसं आंबत नाही, गॅस कमी होतो ते बरं, पण तिथल्या चांगल्या जंतूंना खायला काही मिळत नाही. त्यांच्यासाठी मटकी, गवार, ज्वारीची भाकरी लागतेच. आयसीएमआरचा (आपली वैद्यकीय संशोधन परिषद) हिशोब दर १००० कॅलरीला १५ ग्रॅम फायबर, तेवढं नुसत्या भुशीने भरायचं म्हटलं तर ग्लास चाटत बसावं लागेल.

पाण्यात कंजूषी नको. आपल्या वयात तहान कमी लागते आणि कमी पाण्यात घेतलं तर उलट अडकतं. सोसायटीतल्या एका काकांनी कोरडंच तोंडात टाकलं, असा ठसका लागला की वॉचमन धावत आला. मोठा ग्लास घ्या, ढवळलं की लगेच प्या, आणि ग्लास तेव्हाच विसळा, वाळलं की काथ्यानेही निघत नाही. सौ.ची थायरॉइडची गोळी असते, तिला डॉक्टरांनी गोळी आणि इसबगोल लांब लांब घ्यायला सांगितलंय. गिळायला त्रास असेल किंवा आतड्याचं ऑपरेशन झालं असेल तर विचारल्याशिवाय हात लावू नका.

पुढचा डबा मात्र घेणार नाही. भाचा अहमदाबादला असतो, ऊंझ्याच्या बाजारातली साधी भुशी किलोभर आणायला सांगितलीये, निम्म्या भावात पडेल म्हणाला. संत्र्याची पाकिटं अजून पडून आहेत, कुणाला हवी असतील तर फुकट घेऊन जा.