प्रमाणपत्राचं हॉटेल की उघडणारी खिडकी?

'या वेळचं अधिवेशन पर्यावरणपूरक करावं' हे इतिवृत्तात लिहायला एक ओळ पुरते. पुढचं सगळं कार्यवाहाच्या गळ्यात पडतं, आणि आमच्या विज्ञान शिक्षकांच्या मंडळात तो गळा माझा. एका वर्षी पुण्यात हरित मानांकन मिळवलेल्या मोठ्या हॉटेलात अधिवेशन केलं, पुढच्या वर्षी नाशिक रोड स्टेशनपासून अर्ध्या तासावरच्या शेती प्रशिक्षण केंद्रात. दोन्ही वेळा नोव्हेंबर, दोन दिवस, 180 च्या आसपास माणसं. विजेच्या आणि पाण्याच्या मीटरचे आकडे माझ्याकडे नाहीत. जे अंगावर आलं तेच सांगतो. फ्लेक्स, थर्माकोल, प्लॅस्टिकच्या फाइली तुम्ही कुठेही गेलात तरी टाळालच, म्हणून ते सोडून देतो.

हॉटेलच्या बाजूने बोलायला बरंच आहे. सांडपाणी जागेवरच शुद्ध करून बागेला आणि फ्लशला वापरतात. टॉवेल रोज बदलायचा की नाही ते तुम्ही ठरवता. किल्लीचं कार्ड काढलं की खोलीतली वीज बंद. ओला-सुका कचरा वेगळा होतो आणि त्यासाठी तुम्हाला कोणाच्या मागे लागावं लागत नाही. अशी हॉटेलं आपल्याकडे काही आज आलेली नाहीत. विठ्ठल कामतांनी मुंबईत विमानतळाजवळ 'ऑर्किड' काढलं ते 1990 च्या दशकात. तेव्हा हा सगळा देखावाच असतो, असं मी मुळीच म्हणणार नाही.

माझं बिनसलं ते हॉलमध्ये. सकाळी दहाला उद्घाटन. बाहेर कोवळं ऊन, पुण्याची ती सुरेख हवा, आणि आत कोल्हापूरहून आलेल्या एका बाई शाल पांघरून, त्यांच्या शेजारचे सर कानाला मफलर बांधून बसलेले. मी बँक्वेटच्या व्यवस्थापकांकडे गेलो. माणूस फार सौजन्याने बोलला. हॉल भरला की तापतो म्हणून आधीच गार करून ठेवतात, म्हणाला. तापमान वाढवा म्हटलं, तर ते हॉलमधून होत नाही, मेंटेनन्सच्या माणसाला बोलवावं लागतं. तो आला साडेअकराला. सेंट्रल एसीच्या एकाच यंत्रावर शेजारचा हॉलही चालतो आणि तिथे एका कंपनीची बैठक आहे, त्यांना वीसच हवं, असं त्याने सांगितलं. मग निदान आमच्या बाजूचे झोत बंद करा म्हटलं. केले. वीस मिनिटांत 180 माणसांच्या श्वासाने हॉल कोंदला, मागच्या रांगेत पेंग सुरू झाली. खिडकी उघडावी म्हणून पडदा सारला तर मागे छतापासून जमिनीपर्यंत बसवलेली काच, बिजागरी नाहीच. बाहेरची हवा आत यायची ती एसीतूनच. म्हणजे एसी बंद ठेवायची सोयच नाही! पुन्हा सुरू केला, पुन्हा शाली. दुसऱ्या दिवशीही हाच खेळ.

एसीचं तापमान एक अंशाने वाढवलं की सुमारे 6 टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतो. 2020 पासून खोलीचे नवे एसी आपोआप 24 वर सुरू होतात तेही त्याच हिशेबाने. आम्ही हे वर्गात शिकवतो. आणि व्यासपीठामागे 'ऊर्जाबचत' हा शब्द लिहून आम्ही वीस अंशांत कुडकुडत होतो.

मग प्रमाणपत्र खोटं होतं का? तसं नाही. नंतर जरा वाचलं तेव्हा कळलं की हरित इमारतींची मानांकनं देणारी लीड असो वा आयजीबीसी, इमारत बांधतानाचं मानांकन वेगळं आणि ती रोज कशी चालवली जाते त्याचं वेगळं. लॉबीतली पाटी बहुधा पहिल्याची असते. पाटी कशाची आणि कोणत्या सालची, एवढं विचारलंत तरी पुष्कळ उलगडा होईल.

प्रशिक्षण केंद्राचं सभागृह साधं. दोन्ही बाजूंना खिडक्या, वर पंखे, दिवसा दिवे नाहीत. प्रोजेक्टर फिका दिसतो, हे कबूल. वक्त्यांनी कुरकुर केली. एकांनी शेवटी सरळ फळा मागितला, आणि ते भाषण सगळ्यांत चांगलं झालं.

जेवणात मात्र फरक मोठा. हॉटेलात ठरावीक ताटांची हमी द्यावी लागते, माणसं कमी आली तरी. बुफे शेवटच्या माणसापर्यंत भरलेला दिसावा लागतो आणि उरलेलं बाहेर नेऊ देत नाहीत. त्यांचीही बाजू आहे, कोणाला बाधलं तर जबाबदारी त्यांची. केंद्रात आचारी नाश्त्यालाच डोकी मोजायचा. पंगत बसायची, स्टीलची ताटं, वाढपी विचारून वाढायचे. पंगतीत समोरचा बघतो म्हणून माणूस टाकत नाही, असा माझा समज आहे. उष्टं एका बादलीच्या वर गेलं नाही. खर्च सांगायचा तर हॉटेलच्या एका ताटात तिकडे दोन ताटं आणि वर चहा.

प्रवासात केंद्र हरेल असं वाटलं होतं. पण जागा आडबाजूला, म्हणून एसटीच्या दोन गाड्या प्रासंगिक करारावर घेतल्या आणि सगळे रेल्वेने आले. पुण्यात शहरातच जायचं म्हणून जो तो आपली गाडी घेऊन आला होता.

आता दुसरी बाजू. केंद्रात डास होते. सौर बंबाचं गरम पाणी सकाळी सातला संपलं आणि मागून उठणाऱ्यांनी माझा उद्धार केला. वरच्या मजल्यावरच्या खोल्यांना लिफ्ट नाही. दुसऱ्या दुपारी वीज गेली आणि तासभर डिझेलचं जनरेटर धडधडत होतं, ते काही पर्यावरणपूरक म्हणता येणार नाही. शिवाय कागदपत्रं: परवाना नसलेल्या जागी शंभरावर माणसं जमवायची तर किमान तीन कामकाजाचे दिवस आधी स्थानिक संस्थेला कळवावं, असं तेव्हा लागू असलेल्या 2016 च्या घनकचरा नियमांत होतं. मी ग्रामपंचायतीला पत्र दिलं, तर ग्रामसेवकांनी मलाच विचारलं, "सर, नक्की किती कचरा करणार आहात?"

तुमचे प्रतिनिधी सत्तरीचे असतील, परदेशी पाहुणे असतील किंवा जागा मुंबईत हवी असेल, तर हॉटेलच घ्या, मी वाद घालणार नाही. दिवाळी ते शिवरात्र, देशावर कुठेही असाल, तर मला विचाराल तर केंद्र. फक्त मच्छरदाण्या मागून घ्या.

यंदा आमचं अधिवेशन नागपूरला आहे, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. तिथे पंख्यांवर भागणार नाही, म्हणून दोन हॉटेलं पाहून आलो. दोन्हीकडे पहिला प्रश्न तोच: तापमान हॉलमधूनच बदलता येतं का? मानांकन असलेल्या ठिकाणी 'विचारून कळवतो' म्हणाले. दुसऱ्याने मला हॉलमध्ये नेलं, भिंतीवरचं बटण फिरवून दाखवलं आणि मागची दोन तावदानंही उघडली. आगाऊ रक्कम त्याच्याकडे भरली आहे.